ब्रेबॉर्नवरचा धूर आणि विजय मर्चंट

शनिवार, ८ नोव्हेंबर १९६९. दुपार कलली होती. चर्चगेट स्थानकापासून पाच मिनिटांच्या अंतरावरील ब्रेबॉर्न स्टेडियममध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या कसोटीचा चौथा दिवस चालू होता. भारताचे सात फलंदाज परतले होते. धावफलकावर जेमतेम एकशे चौदा धावा. एका टोकाला अजित वाडेकर तळ ठोकून उभा होता, दुसऱ्या टोकाला मद्रासचा वेंकटराघवन त्याला साथ देत होता. कॉनोलीचा एक चेंडू वेंकटच्या बॅटजवळून यष्टिरक्षक टेबरच्या हातात गेला. अपील झाले आणि पंच शंभू पान यांचे बोट वर गेले.

पुढच्या काही मिनिटांत मुंबईच्या क्रिकेटची शंभर वर्षांची ऐट धुळीला मिळाली. प्रथम हुर्यो उडवली गेली, मग बाटल्या आल्या, मग खुर्च्या, आणि मग स्टँडमधून ज्वाळा दिसू लागल्या. ज्या मैदानाचा प्रेक्षक जाणकार म्हणून ओळखला जायचा, त्याच मैदानावर धुराने खेळपट्टी दिसेनाशी झाली. या संघाची निवड करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते विजय मर्चंट. त्या मैदानाला गर्दीची सवय ज्या मोजक्या फलंदाजांनी लावली, त्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत होते. ब्रेबॉर्नवरील आगीची गोष्ट म्हणूनच त्यांच्या आयुष्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुरती सांगता येत नाही.

मर्चंट हे त्यांचे मूळ आडनाव नव्हे. १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईतील सधन ठाकरसी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरचा व्यवसाय कापडगिरण्यांचा. शाळेत इंग्रज बाईंनी नाव आणि वडिलांचा व्यवसाय विचारला, तेव्हा मुलाने व्यापारी म्हणून जो इंग्रजी शब्द सांगितला तोच आडनाव म्हणून नोंदवला गेला आणि कायमचा चिकटला, अशी हकिकत आहे. सिडनेहॅम महाविद्यालयात त्यांची फलंदाजी नावारूपाला आली. १९३२ साली भारताचा पहिला कसोटी संघ इंग्लंडला गेला, तेव्हा देशाचे नेते तुरुंगात असताना खेळायला जाणे योग्य नाही या भावनेने मर्चंट गेले नाहीत. विशी ओलांडलेल्या, घरचे सारे सुख असलेल्या तरुणाने पहिल्या कसोटीची संधी अशी सोडावी, यात त्यांच्या पुढच्या आयुष्याचा स्वभाव दिसतो. एकदा बरोबर काय ते ठरले, की किंमत मोजायची तयारी. हा स्वभाव लोकांना नेहमीच मानवला असे नाही.

पहिली कसोटी त्यांना वर्षभराने, डिसेंबर १९३३ मध्ये, बॉम्बे जिमखान्यावर मिळाली. अठरा वर्षांच्या कारकिर्दीत त्यांच्या वाट्याला अवघ्या दहा कसोट्या आल्या, त्याही सगळ्या इंग्लंडविरुद्ध. युद्ध, आजारपण आणि दुखापती यांनी बाकीच्या नेल्या. पण प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील त्यांची सरासरी ७१.६४. या यादीत त्यांच्या वर प्रदीर्घ काळ एकच नाव होते, डॉन ब्रॅडमन यांचे. रणजी करंडकात तर ही सरासरी ९८.७५ आहे. अंगाने लहानखुरा, पायांची हालचाल अचूक, लेट कट इतका उशिरा की यष्टिरक्षकाने चेंडू आपलाच समजावा. धावा घाईने नव्हे, तर हिशेबाने जमवायच्या आणि विकेट कोणाला फुकट द्यायची नाही, हे मुंबईच्या फलंदाजीचे खडूस शास्त्र मर्चंट यांच्यापासून सुरू होते असे मानायला हरकत नाही.

१९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात मँचेस्टरला त्यांनी आणि मुश्ताक अली यांनी सलामीला २०३ धावा जोडल्या. मुश्ताक ११२, मर्चंट ११४. या भागीदारीआधी कर्णधार विजयनगरमचे महाराजकुमार यांनी मुश्ताक यांना मर्चंटना धावचीत करण्याची सूचना केली होती आणि मुश्ताक यांनी मैदानावर जाता जाता ती मर्चंटनाच सांगून टाकली, हा किस्सा क्रिकेटच्या वर्तुळात अजून सांगितला जातो. पंचापेक्षा कर्णधारापासून जपावे लागण्याची वेळ फार थोड्या सलामीवीरांवर आली असेल. आणि दहा वर्षांनी, १९४६ मध्ये, ओव्हलवर १२८ धावांवर ते खरोखरच धावचीत झाले, तेही फुटबॉलच्या किकने. आर्सेनलकडून फुटबॉल खेळणाऱ्या डेनिस कॉम्प्टन यांनी चेंडू हाताने न उचलता पायाने यष्ट्यांवर मारला. नियमात ते बसत होते. मर्चंट परतले. त्या दौऱ्यात त्यांनी २३८५ धावा केल्या.

परंतु मुंबईकराने मर्चंटना आपले मानले ते इंग्लंडमुळे नव्हे, पंचरंगी सामन्यांमुळे. १९३७ मध्ये ब्रेबॉर्न उभे राहिले आणि हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन व इतर अशा पाच संघांची ही स्पर्धा तेथे भरू लागली. धर्मावर उभी असलेली स्पर्धा म्हणून तिच्यावर टीका होत होती आणि ती रास्तच होती. १९४६ मध्ये ती बंदही पडली. पण तिने शहराला क्रिकेटचे वेड लावले हेही तितकेच खरे. १९४१-४२ मध्ये मर्चंट यांनी नाबाद २४३ धावा काढून स्पर्धेतील विक्रम केला. १९४३-४४ मध्ये इतर संघाच्या विजय हजारे यांनी २४८ धावा करून तो मोडला. थोड्याच दिवसांत अंतिम सामन्यात मर्चंट यांनी नाबाद २५० धावा काढून विक्रम परत घेतला, आणि त्याच सामन्यात हजारे यांनी संघाच्या ३८७ पैकी एकट्याने ३०९ धावा करून तो पुन्हा हिसकावला. त्याच मोसमात रणजी सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध मर्चंट नाबाद ३५९. दोन विजयांच्या या झुंजीत स्टेडियम भरभरून वाहत असे. प्रेक्षकाला धावा मोजायची, विक्रम लक्षात ठेवायची आणि आपल्या माणसासाठी भांडायची गोडी लागली ती याच दिवसांत. पुढे याच गोडीला आग लागायची होती.

भांडण्यासारखे कारण वीस वर्षे आधीच एकदा मिळाले होते. फेब्रुवारी १९४९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धची पाचवी कसोटी ब्रेबॉर्नवरच झाली. प्रकृतीमुळे मर्चंट त्या मालिकेत नव्हते. ३६१ धावांचे लक्ष्य, हजारे यांचे शतक, रुसी मोदी यांच्या ८६, आणि शेवटी दत्तू फडकर यांची धडपड. भारत ८ बाद ३५५ वर, विजयाला सहा धावा हव्या, मिनिट-दीड मिनिट शिल्लक, षटकातला एक चेंडूही शिल्लक. आणि त्या धांदलीत पंच जोशी यांनी बेल्स उचलल्या. सामना अनिर्णित, मालिका वेस्ट इंडीजची. भारताने तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती, म्हणजे त्या एका चेंडूचे मोल किती ते सांगायला नको. हळहळ झाली, वर्षानुवर्षे झाली, पण मैदान पेटले नाही. १९४९ चा प्रेक्षक सहनशील आणि १९६९ चा उद्दाम, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मधल्या वीस वर्षांत शहर बदलले होते, तिकिटे महागली आणि दुर्मीळ झाली होती, आणि प्रत्येकाच्या कानाशी एक नवी वस्तू आली होती. तिच्याकडे वळण्याआधी मर्चंट मैदानाबाहेर कसे आले ते पाहायला हवे.

नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी १५४ धावा केल्या. वय चाळीस. त्याच डावात हजारे यांनी नाबाद १६४ धावा करून हा आकडाही मागे टाकला, म्हणजे जुनी झुंज शेवटपर्यंत टिकली. क्षेत्ररक्षण करताना खांद्याला दुखापत झाली आणि मर्चंट यांची कारकीर्द तेथेच थांबली. नंतरची वर्षे त्यांनी गिरणीच्या कारभारात, अंध आणि अपंगांना काम मिळवून देण्यात घालवली. ते मुंबईचे नगरपालही झाले. आणि रविवारी दुपारी विविध भारतीवरून क्रिकेटवर बोलू लागले. त्या कार्यक्रमातील संथ, शिस्तबद्ध, किंचित मास्तरी आवाज एका पिढीच्या कानात बसला आहे. ब्रेबॉर्नचे तिकीट ज्यांच्या आवाक्यात नव्हते, त्यांच्यासाठी क्रिकेट म्हणजे रेडिओच होता. चर्चगेटहून निघणारी लोहमार्गाची रेघ थेट घोलवडपर्यंत जाते, आणि त्यापलीकडे बोर्डीच्या चिकूवाड्यांपर्यंत मुंबईच्या मैदानाची बातमी पोहोचायची ती याच मार्गाने, आवाजाच्या रूपात. मुंबईत दूरदर्शन यायला ऑक्टोबर १९७२ उजाडले. तोवर चेंडू बॅटला लागला की नाही हे पुन्हा पाहण्याची सोय कोणालाही नव्हती. ना प्रेक्षकाला, ना पंचाला, ना निवड समितीच्या अध्यक्षाला.

अध्यक्ष म्हणून मर्चंट यांचे धोरण एका शब्दात सांगायचे तर तारुण्य. जुनी नावे बाजूला ठेवून नव्यांना संधी द्यायची. १९६९ च्या मोसमात न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध चेतन चौहान, अशोक मांकड, गुंडाप्पा विश्वनाथ, मोहिंदर अमरनाथ यांनी पदार्पण केले. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर याच मोसमात कसोटीपटू झाला. गिरणीमालकाच्या घरात जन्मलेल्या अध्यक्षाच्या कारकिर्दीत हे घडले, याची नोंद घ्यायला हवी. प्रयोग म्हटले की नाराजीही आलीच. कोणाला घेतले यापेक्षा कोणाला वगळले याची चर्चा इराण्याच्या हॉटेलात अधिक रंगते.

मुंबई कसोटीसाठी असा एक वगळलेला होता, वेंकटराघवन. ऑफस्पिनर म्हणून त्याची गुणवत्ता वादातीत होती, परंतु समितीने बंगालचा मध्यमगती गोलंदाज सुब्रतो गुहा याला पसंती दिली. ओरड झाली. वृत्तपत्रांनी टीका केली. अखेर गुहाने आपली जागा मोकळी करून दिली आणि वेंकट संघात आला. निवड झालेल्या खेळाडूने असे बाजूला व्हावे ही गोष्ट तेव्हाही विलक्षण होती आणि आजही आहे. गुहाच्या दिलदारीचे कौतुक झाले, पण त्यामागील दुसरी बाजू कोणी फारशी पाहिली नाही. जाहीर झालेला निर्णय लोकांच्या दडपणाने फिरतो, हे प्रेक्षकाने त्या आठवड्यात पाहिले होते. ज्या फलंदाजासाठी त्याने आवाज चढवला आणि जिंकला, तोच फलंदाज काही दिवसांनी पंचाच्या एका बोटाने परत जात होता. या वेळी निर्णय फिरणार नव्हता. मर्चंट यांनी चूक दुरुस्त केली होती यात शंका नाही. पण दुरुस्तीची ही रीत शिकवणारी होती, आणि तिने चुकीचा धडा दिला.

त्या दुपारी समालोचन कक्षात देवराज पुरी होते. त्यांच्या बोलण्यातून पंचाच्या निर्णयाबद्दलची नापसंती उघड झाली आणि ती हजारो ट्रान्झिस्टरमधून स्टँडमध्ये परत आली. दूरच्या बाकावर बसलेल्या माणसाला चेंडू आणि बॅट यांतले अंतर दिसणे शक्यच नव्हते. त्याला ते ऐकू आले. ज्याला स्वतःच्या डोळ्यांवर विसंबता येत नव्हते, त्याला आता साक्षीदार मिळाला होता. पंच पान हे भारतीयच होते. त्या काळी यजमान देशाचेच पंच असत आणि परदेशी संघ त्यांच्याविरुद्ध तक्रार करीत. येथे उलटे झाले. घरच्या पंचाने घरच्या संघाविरुद्ध बोट वर केले, हेच अनेकांना सहन झाले नसावे.

भारताची स्थिती आधीच बिकट होती. पहिल्या डावात पतौडीच्या ९५ आणि अशोक मांकडच्या ७४ धावांच्या बळावर २७१, त्यावर ऑस्ट्रेलियाच्या ३४५. दुसऱ्या डावात ग्लीसनच्या फिरकीपुढे एकेक जण निघाला. वेंकट नाबाद ठरला असता तरी सामना वाचला असता असे नाही. पण पराभव गिळता न आलेल्या गर्दीला एक कारण लागते, आणि एखादा वादग्रस्त निर्णय ते आयते देतो. राग पान यांच्यावर होता की कोसळलेल्या फलंदाजीवर, महाग तिकिटावर की क्लबच्या सदस्यांसाठी राखलेल्या सावलीतल्या खुर्च्यांवर, हे त्या धुरात वेगळे काढता आले नसते.

ऑस्ट्रेलियाचा कर्णधार बिल लॉरी मैदान सोडायला तयार नव्हता. विजय समोर होता आणि तो धुरामुळे हातचा जाऊ द्यायचा नव्हता. खेळ चालू राहिला. धुरामुळे मैदानावर काय चालले आहे हे गुणलेखकांना दिसेना. पंच पान यांना उरलेला वेळ त्याच मैदानावर, त्याच प्रेक्षकांसमोर उभे राहून काढावा लागला, याचा विचार फारसा होत नाही. दिवसाचा खेळ संपवून खेळाडू परतत असताना ग्लीसनला बाटली लागली. दुसऱ्या दिवशी, ९ नोव्हेंबरला, भारताचा डाव १३७ धावांत आटोपला. वाडेकरच्या ४६ धावा त्यात सर्वाधिक. ऑस्ट्रेलियाने ६४ धावांचे लक्ष्य दोन गडी गमावून पार केले.

तो मोसमच धगधगता होता. काही आठवड्यांपूर्वी न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादला प्रेक्षक बिथरले होते, आणि डिसेंबरमध्ये कलकत्त्याला तिकिटांच्या रांगेतील चेंगराचेंगरीत सहा जणांचा बळी गेला. पण कलकत्त्याचे नाव घेऊन मुंबईकराने समाधान मानावे असे काही नव्हते. क्रिकेट कसे पाहावे हे देशाला आपण शिकवतो, असा या शहराचा तोरा होता.

पुढच्याच कसोटीत, कानपूरला, विश्वनाथने पदार्पणात शून्य आणि १३७ धावा केल्या आणि मर्चंट यांच्या तरुण धोरणाला पहिले मोठे फळ आले. मालिका मात्र भारताने १-३ अशी गमावली. टीका पतौडीवर झाली तशी निवड समितीवरही झाली. मर्चंट यांनी ती ऐकली, आणि या वेळी तिच्यामागे गेले नाहीत. जानेवारी १९७१ मध्ये वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी कर्णधार निवडायचा होता. पतौडी की वाडेकर, यावर समितीची मते समसमान पडली. अध्यक्षाचे निर्णायक मत मर्चंट यांनी वाडेकरच्या पारड्यात टाकले. १९४६ च्या दौऱ्यात मर्चंटना डावलून पतौडीच्या वडिलांना कर्णधारपद मिळाले होते, त्याचेच हे उट्टे, अशीही एक कुजबुज झाली. लोकप्रिय कर्णधाराला एका मताने बाजूला केले गेले, यावर बराच गदारोळ झाला.

नीट पाहिले तर हे मत आणि शंभू पान यांचे बोट एकाच जातीचे होते. एकट्या माणसाने, पुरेशी खात्री देणारा पुरावा हाती नसताना, ठरलेल्या क्षणी घेतलेला निर्णय. मागे फिरणे नाही. फरक इतकाच, की मर्चंट यांच्या निर्णयाला काळाने पटकन पावती दिली. वाडेकरच्या संघाने १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली. त्याच दौऱ्यात सुनील गावसकर या नवोदिताने ७७४ धावा काढल्या. ऑगस्टमध्ये ओव्हलवर, म्हणजे मर्चंट जेथे कॉम्प्टनच्या किकने धावचीत झाले होते त्याच मैदानावर, इंग्लंडही हरले. वाडेकरचा उपकर्णधार होता वेंकटराघवन. धुरात उभी असलेली ती जोडी दोन वर्षांत विजयाच्या मिरवणुकीत होती. पान यांच्या निर्णयाला मात्र पावती कधीच मिळाली नाही, आणि तो चूक होता हेही कधी सिद्ध झाले नाही.

मर्चंट आणि गर्दी यांची शेवटची गाठ तिकिटांवरून पडली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे अध्यक्ष होते. बॉम्बे क्रिकेट असोसिएशनला कसोटीची किती तिकिटे द्यायची यावरून क्लबशी तिचे जुने भांडण होते. असोसिएशनच्या बाजूने शेषराव वानखेडे उभे होते, विधानसभेचे अध्यक्ष आणि जिद्दी माणूस. मर्चंट क्लबच्या हक्कांवर अडून राहिले. नियमाने ते बरोबरही असतील, पण शहराच्या मनाचा अंदाज या वेळी त्यांना आला नाही असेच म्हणावे लागते. वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर नवे स्टेडियम उभारले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडच्या द्विशतकानंतर अभिनंदनासाठी मैदानात धावलेल्या एका तरुणाला पोलिसांनी बदडले, आणि नव्या कोऱ्या स्टेडियमवरही दंगल उसळलीच. ब्रेबॉर्नवरील कसोटी क्रिकेट त्यानंतर जवळजवळ थांबले. १९७३ नंतर पुढची कसोटी तेथे झाली ती थेट २००९ मध्ये. पंचरंगीच्या दिवसांत ज्या मैदानाला मर्चंट यांनी गर्दी दिली, तेथून ती गर्दी नेण्यातही त्यांचा हात लागला. वानखेडे स्टेडियमवर एका स्टँडला पुढे मर्चंट यांचेच नाव दिले गेले, ही मुंबईची आपल्या माणसाशी तडजोड करण्याची रीत.

२७ ऑक्टोबर १९८७ रोजी विजय मर्चंट यांचे मुंबईत निधन झाले. भारतात तेव्हा विश्वचषक चालू होता. घराघरांतील दूरचित्रवाणी संचावर प्रत्येक बाद फलंदाज पुन्हा पुन्हा दाखवला जात होता, संथ गतीने, दोन बाजूंनी, आणि वाद तरीही मिटत नव्हते. वेंकटराघवन यांनी खेळ सोडल्यावर पंचाचा पांढरा कोट अंगावर चढवला आणि २००४ मध्ये निवृत्त होईपर्यंत ७३ कसोटी सामन्यांत पंचगिरी केली. लॉर्ड्सपासून मेलबर्नपर्यंत, बोट वर करायचे की नाही हे ठरवत, ते यष्ट्यांमागे उभे राहत होते.